नाव न सांगता, मिळून एक अंक काढूया का? (कच्चा विचार आहे, सगळ्यांनी बोला)

रातकिडा · १४ जून, रात्री ११:५२

मंडळी, हे दोन वर्षं डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपण इथे तीसेक जण नेमाने लिहितो. खरं नाव कुणाचं कुणाला माहीत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच इथे जे लिहून होतं ते दुसरीकडे होत नाही. गेल्या उन्हाळ्यात विहिरींवर जो धागा झाला त्यात एकाने वडलांनी विहीर बुजवली तो दिवस लिहिला होता, मी तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवलाय आणि चार वेळा वाचलाय. आता तो धागा शोधून दाखवा. कुठल्या कुठे मागे गेलाय. नवीन माणूस येतो, वरचे पाच धागे बघतो आणि जातो.

तर म्हणणं असं की आपण मिळून एक छोटा अंक काढूया. ए-फोर कागद मधे दुमडला की होतो तो आकार, २४ पानं. पीडीएफ फुकट, ज्याला हवी त्याने घ्यावी, आणि जमलंच तर थोड्या प्रती छापून वाचनालयांत ठेवू.

असं कुणी केलंच नाही असं नाही. अमेरिकेत फ्रॅक नावाचं हॅकर मंडळींचं नियतकालिक १७ नोव्हेंबर १९८५ला सुरू झालं, सेंट लुईसच्या दोन शाळकरी पोरांनी काढलं, टारन किंग आणि नाइट लायटनिंग ही त्यांची टोपणनावं. चित्र नाही, सजावट नाही, नुसता मजकूर, टेलिफोनला मॉडेम लावून एका बुलेटिन बोर्डावरून (म्हणजे कंप्युटरवरच्या गप्पांच्या फलकावरून) दुसऱ्यावर जायचा. माणसं बदलली, संपादक बदलले, ते अजून निघतंय, चाळीस वर्षं झाली. लेनचॅन म्हणून एक बोर्ड आहे, १९९८च्या 'सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन' या जपानी कार्टून मालिकेच्या वेडातून जमलेली माणसं, तिथे नाव-नोंदणीसुद्धा करावी लागत नाही, त्यांनी मिळून लेनझीन काढलं: कथा, प्रोग्रॅमिंग, प्रायव्हसी, चित्रं, सगळं एकत्र. आणि २०१९पासून 'पेज्ड आउट' नावाचा कंप्युटरवरचा अंक निघतोय, त्याचा नियम मला फार आवडतो, एक लेख म्हणजे बरोब्बर एक पान आणि ते पान ज्याचं त्याने मांडायचं.

आपणही तसंच करावं असं वाटतं. आपलं पान आपण सजवायचं, पाठवायचं, कुणीतरी एकत्र बांधायचं. कोण कोण आहे?

पिंपळपान · १५ जून, सकाळी ७:१०

मी आहे. लिहायला जमणार नाही पण चित्रं काढीन, शाईची, काळी-पांढरी. मुखपृष्ठ दिलंत तर आनंदच.

शून्यमार्ग · १५ जून, सकाळी ९:३४

मी पण. पण आधीच एक गोष्ट, अंक निघाल्यावर सांगून उपयोग नाही.

नाव लपवायचं म्हणजे नुसतं आयडीचं नाव बदलणं नव्हे. वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचं नाव आपोआप बसतं, कंप्युटर घेताना जे घातलं असेल ते, बहुतेकांचं आडनावासकट असतं. पीडीएफमध्ये तसंच. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर फोटो काढला ती जागासुद्धा लिहिलेली असते, म्हणजे अंगणातल्या प्राजक्ताचा फोटो टाकलात तर अंगणाचा पत्ताच दिलात. एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने फोटोतलं हे सगळं पुसता येतं, ते काम मी घेतो. पण माझ्याकडे येईपर्यंतसुद्धा ते असायला नको, म्हणून लिखाण शक्यतो इथेच मेसेजमध्ये साधा मजकूर म्हणून चिकटवा, फाइल पाठवू नका.

रातकिडा · १५ जून, सकाळी १०:०२

हे वाचून धस्स झालं, कारण काल रात्रीच एकांनी मला फाइल पाठवली आणि आत्ता उघडून बघितलं तर पूर्ण नाव आहे. त्यांना मेसेज केलाय, फाइल उडवलीय. माझ्याकडून ते नाव कुठे जाणार नाही, शब्द देतो.

जुनी_वही · १५ जून, दुपारी ३:४७

मी सहसा वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझी एक कथा एका दिवाळी अंकात आली होती. अंकाचं नाव सांगत नाही. कथेतली बाई शेवटी घर सोडून जाते. अंक हातात आला, मी बसस्टॉपवरच उभ्याउभ्या उघडला, आणि छापलेल्या कथेत ती बाई परत आलेली. दोन परिच्छेद नवीन घातलेले. फोन केला तर म्हणाले, वाचकांना बरं वाटतं हो. नाव माझंच होतं वर. सासरी सगळ्यांनी वाचली आणि शेवट चांगला केलास म्हणून कौतुकही केलं.

त्यानंतर कुठे पाठवलं नाही काही. म्हणून विचारते, तुमच्या अंकात एडिट कोण करणार? आणि ज्याला नावच नाही त्याने माझं वाक्य बदललं तर मी फोन कुणाला करायचा?

रातकिडा · १५ जून, रात्री ९:२०

ताई, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, दिवसभर विचार केला. नियम असा करूया की लेखकाने "हो" म्हटल्याशिवाय शब्द हलणार नाही. सुचवायचं ते उघड सुचवायचं, याच धाग्यावर, आणि मूळ मजकूर शेजारी ठेवायचा. नको म्हटलं की नको. पटलं नाही तर लेखकाने लेख काढून घ्यायचा, छापायला जायच्या आदल्या दिवशीपर्यंत. तुम्ही पाठवाल का हो? तीच कथा, खऱ्या शेवटासकट?

जुनी_वही · १५ जून, रात्री १०:०५

बघते. कागद शोधावे लागतील.

खिळे_जुळारी · १६ जून, पहाटे ५:३०

रातकिडा, कल्पना उत्तम आहे. पान ज्याचं त्याने मांडायचं हे मात्र मराठीत चालणार नाही, का ते सांगतो, जरा सविस्तर सांगतो.

मी छापखान्यात कंपोझिंगला लागलो तेव्हा शिशाचे खिळे होते. एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांची ओळ भरायची. देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, इंग्रजीपेक्षा किती जास्त खण, कारण अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, मात्रा-वेलांट्या वेगळ्या. मग खिळे गेले आणि डीटीपी आलं, तेही शिकलो. त्या काळच्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसायचं पण आत इंग्रजी अक्षरंच असायची, दुसऱ्या कंप्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळा चिखल. आजही कुणाकुणाकडे जुनं लिखाण तसंच पडलंय. तुम्ही प्रत्येकाला आपलं पान आपण करायला सांगितलंत की एकाचं युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत येईल, एकाचं जुन्या फॉन्टात, एकाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडेल, आणि ते नीट करता करता अंक राहील बाजूला.

दुसरं. ल आणि श. मराठीचा ल वेगळा, हिंदीचा वेगळा, श पण. पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण आधी देतात. लोकांना वाटतं काय फरक पडतो, पण पानभर वाचताना डोळ्याला परकं लागतं, लहानपणापासून पाटीवर गिरवलेलं अक्षर ते नव्हे. टिरो देवनागरी मराठी म्हणून फुकट फॉन्ट आहे, त्यात आपली वळणं आहेत, मी तो सुचवतो.

तिसरं, ऱ्य. "आचार्यांना बोलवा" आणि "आचाऱ्यांना बोलवा" यात एकीकडे गुरुजी येतात आणि एकीकडे स्वयंपाकी. दर्या आणि दऱ्या तसंच. टाइप करताना लोक सर्रास चुकतात कारण मोबाइलच्या कीबोर्डवर ऱ सापडत नाही.

मजकूर सगळा एका ठिकाणी येऊ दे, मांडणी मी करतो. स्क्रायबस म्हणून पानं मांडायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याच्या आत्ताच्या आवृत्तीत देवनागरी नीट बसते. चित्राची पानं मात्र ज्याची त्याने करावीत, ती मला येत नाहीत.

रातकिडा · १६ जून, सकाळी ८:१५

काका, माझा हट्ट सोडला. मजकूर एका ठिकाणी, मांडणी तुमची. खरं सांगायचं तर मराठीतली पानं जुळवताना हे सगळं होतं हे मला माहीतच नव्हतं, मी इंग्रजी झीन (असे हौशी अंक) बघून स्वप्न रंगवत होतो.

माडाखाली · १८ जून, रात्री १०:४०

शुद्धलेखनाचं काय ठरलंय ते सांगा. माझं लिखाण मालवणीत आहे, निदान बोलणं तरी. आजीच्या तोंडी "माका" आहे, "मला" नाही. मागे एकदा एका ठिकाणी दिलं तर सगळं प्रमाण मराठी करून मिळालं, आजी एकदम शाळामास्तरीण झाली.

दुसरी भीती उलटी आहे. मालवणीत लिहिलं की जिल्हा कळतो, आणि मी जे लिहिलंय त्यावरून वाडीसुद्धा कळेल. मग नाव लपवून काय उपयोग.

शून्यमार्ग · १८ जून, रात्री ११:१५

भीती खोटी नाही. लिहिण्याच्या लकबीवरून माणूस ओळखता येतो, त्याचा रीतसर अभ्यास होतो, शब्द कुठले वापरतो, वाक्यं किती लांब, स्वल्पविराम कुठे. बोली तर फारच मोठी खूण. पण म्हणून बोली पुसायची? माझं मत नाही. गावाचं नाव, देवळाचं नाव, नात्यातली नावं बदल, ओढ्याची दिशा बदल, आजीची भाषा ठेव. ती गेली तर लिखाणात राहिलं काय.

माडाखाली · १९ जून, सकाळी ६:५५

ठीक. देवळाच्या जागी वडाचं झाड करतो. भाषा राहील.

दळण · २१ जून, दुपारी १:२०

हा धागा आज वाचला, सगळा सलग. अनामिक लिखाण म्हटलं की आपण लगेच इंटरनेटकडे बघतो पण आपल्याकडे ते जात्यावर झालंय की. ओवी कुणाची? एकीने म्हटलेली दुसरी उचलते, भावाच्या जागी लेकाला घालते, पुढची तिसरी त्यात पंढरपूर आणते. कुणाची सही नाही. तुकोबांच्या अभंगात "तुका म्हणे" असतं, ओवीत "अमकी म्हणे" नसतं.

हेमा राईरकर आणि गी पॉयतवां यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन, लाखावर ओव्या गोळा केल्या, आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) वेबसाइटवर ऐकायला मिळतात. मला त्यातलं सगळ्यात मोठं काम काय वाटतं, तर त्यांनी नुसत्या ओव्या उतरवून नाही घेतल्या, गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं. ओवी कुणा एकीची नाहीच, पण त्या दिवशी त्या जात्यावर ती कुणी गायली हे लिहून ठेवलंय. ऐकताना मग बाई समोर येते.

टोपणनावं आपल्याला नवीन नाहीत, केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, ग्रेस. पण ते आपण होऊन घेतलेलं नाव. जात्यावरच्या बाईने नाव लपवलं नव्हतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. हे दोन्ही एकाच "अनामिक" शब्दात आपण घालतो ते मला खटकतं.

खिळे_जुळारी · २१ जून, संध्याकाळी ७:४५

दळणताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी चहा ठेवला होता तो उतू गेला.

१८६७चा छापखान्यांचा कायदा होता. प्रत्येक पुस्तकावर, पत्रकावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण घालावंच लागे. पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात ओळ असते बघा, मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक. ती ओळ मी किती वेळा जुळवली असेल त्याला गणती नाही. त्यात छापखान्याच्या मालकाचं नाव. मालक वाईट नव्हते, पगार वेळेवर दिला. पण ज्या पुस्तकांची पानंच्या पानं मी माझ्या हातांनी भरली, कवितेची ओळ मोडू नये म्हणून रात्री थांबलो, लेखकाने चुकून लिहिलेली तारीख लक्षात आणून दिली, त्या एकाही पुस्तकात माझं नाव नाही. बायंडिंगला बायका होत्या, फर्मे दुमडायच्या, बोटं कागदाने चिरलेली असायची, त्यांचं तर नावच नाही. तक्रार नाही करत. तेव्हा कुणाच्या मनातच येत नसे.

तुम्ही तरुण मंडळी नाव लपवता ते तुमच्या मर्जीने. आमचं तसं नव्हतं.

रातकिडा · २१ जून, रात्री ९:३०

काका, मग आपल्या अंकात कामाचं एक पान करूया. लेखकांचं पान नाही, कामाचं. मजकूर कुणी टाइप केला, प्रुफं कुणी वाचली, मांडणी कुणाची, फोटोतली माहिती कुणी पुसली, पिना कुणी मारल्या, वाचनालयात कोण घेऊन गेलं. ज्याला जे नाव द्यायचं ते, आयडी, खरं नाव, नुसतं गाव, किंवा नुसती फुली. पण काम केलं आणि जागा नाही असं होणार नाही.

पिंपळपान · २१ जून, रात्री ९:४१

हे पान मी सजवते. मला द्या.

तिसरी_पाळी · २५ जून, पहाटे ४:१०

कंपनीत रात्रपाळीला असतो. प्रेसवर (छापायच्या नव्हे, दाब देणाऱ्या मशीनवर) दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय मशीन खाली येत नाही अशी सोय असते, काम भराभर व्हावं म्हणून आमच्याकडे एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं. एका पोराची दोन बोटं गेली. नंतर जे आतलं पत्रक निघालं त्यात त्याचीच चूक लिहिलीय. पत्रकाचा फोटो आहे माझ्याकडे. अंकात छापा. नाव माझं नाहीच, मग भीती कसली.

शून्यमार्ग · २५ जून, सकाळी ९:००

भाऊ, आधी त्या पोराबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण पत्रक छापू नका असं सांगणार आहे, ऐकून घ्या.

वर फ्रॅकचं नाव आलंय. फेब्रुवारी १९८९च्या त्यांच्या २४व्या अंकात एका टेलिफोन कंपनीचं आतलं कागदपत्र छापलं गेलं, इमर्जन्सी नंबरच्या यंत्रणेबद्दलचं. पुढे सरकारने नाइट लायटनिंगला धरलं. टोपणनाव काही कामाला आलं नाही, तो कॉलेजात शिकणारा मुलगा होता आणि खऱ्या नावाने कोर्टात उभा राहिला. कंपनीने कागदाची किंमत सांगितली ७९,४४९ डॉलर. जुलै १९९०मध्ये शिकागोला खटला चालला, आणि तिथे कळलं की तीच माहिती कंपनी स्वतः १३ डॉलरच्या पुस्तिकेत कुणालाही विकते. चौथ्या दिवशी सरकारने खटला सोडून दिला. पण सुटला म्हणजे झालं असं नाही, वकिलांचा खर्च कोण देणार, गेलेलं वर्ष कोण देणार. त्याच महिन्यात इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन उभं राहिलं, ते अशा केसेस बघूनच.

आपल्यामागे असं कुणी नाही. आणि तुमचं पत्रक किती जणांपर्यंत आलं होतं? पाच-सहा? मग कुणी फोटो काढला हे शोधायला त्यांना अर्धा दिवस लागेल. नोकरी तुमची जाईल आणि त्या पोराला काही मिळणार नाही. कागद त्याच्या वकिलाच्या किंवा युनियनच्या हातात द्या, तिथे त्याचा उपयोग आहे. आमच्यासाठी ती रात्र लिहा, तुम्ही बघितलेली. कंपनी, गाव, मशीनचा मेक, काही नको.

तिसरी_पाळी · २५ जून, पहाटे नाही आता दुपार, २:३०

झोप नाही लागली. लिहायची सवय नाही मला.

जुनी_वही · २५ जून, दुपारी ४:००

सवय नको. टेप कुठल्या रंगाची होती तिथून सुरू करा.

तिसरी_पाळी · २७ जून, पहाटे ५:०५

टेप निळी होती. खासगी मेसेजमध्ये पाठवलंय रातकिडाला. दीड पान झालं.

रातकिडा · २७ जून, सकाळी ७:३०

वाचलं. एकही शब्द सुचवावासा वाटला नाही. अंकाचं पहिलं लिखाण हे असावं असं माझं मत आहे, बाकीच्यांनी वाचून सांगा.

पावशेर_पाऊस · २ जुलै, रात्री ८:५०

उशिरा आलो. शेवटच्या पानासाठी नेटवर एक भारी फोटो सापडलाय, जुन्या रेल्वे स्टेशनचा, घालूया का? नॉन-कमर्शियल आहे ना आपलं, चालतं.

शून्यमार्ग · २ जुलै, रात्री ९:२५

नको, याच एका गोष्टीने एका मोठ्या समूहाला पंधरा वर्षं पुरवलं. एससीपी म्हणून भयकथांचं जग आहे, २००७मध्ये फोरचॅन या निनावी चर्चेच्या साइटवर एका निनावी माणसाने टाकलेल्या पोस्टपासून सुरू झालं, मग हजारो लोकांनी त्यात भर घातली. पहिल्या पोस्टमध्ये एका पुतळ्याचा फोटो होता, तो जपानी कलाकार इझुमी कातो यांच्या शिल्पाचा, न विचारता घेतलेला. बाकीचं सगळं लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे कुणीही वापरा, विकासुद्धा, फक्त श्रेय द्या आणि तुमचंही तसंच खुलं ठेवा. आणि नेमका सगळ्यात प्रसिद्ध फोटो त्यात बसत नव्हता. कातोंनी समजूतदारपणे पैसे न कमावण्याच्या अटीवर चालवून घेतलं, शेवटी २०२२मध्ये त्या लोकांनी आपण होऊन फोटो काढला.

चित्र पिंपळपानचं किंवा आपण स्वतः काढलेला फोटो. बस.

हक्कांचं पण सांगतो, दोघांनी मेसेजमध्ये विचारलंय. टोपणनावाने छापलं म्हणून हक्क जात नाही. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात निनावी आणि टोपणनावाच्या लिखाणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण आहे, आणि त्या मुदतीत लेखकाचं नाव उघड झालं तर मग मृत्यूनंतर ६० वर्षं, इतरांसारखंच. जुनी_वहींना कथा खुली द्यायची नसेल तर तिच्याखाली "सर्व हक्क लेखिकेकडे" असं घालू, बाकी अंक खुला.

जुनी_वही · ३ जुलै, सकाळी ११:१०

घाला तसं. कागद सापडले. माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत. टाइप करायला दोन दिवस द्या, मला ऱ सापडत नाहीये.

खिळे_जुळारी · ३ जुलै, सकाळी ११:३२

र असेल तसा टाका हो. मी बसवतो.

खिळे_जुळारी · १९ जुलै, रात्री ९:००

मांडणी झाली. २७ पानं झालीत आणि इथे अडलंय. मधे पिन मारायची म्हणजे एका कागदाची चार पानं होतात, एकूण पानं चारच्याच पटीत हवीत. २४ करायची तर तीन पानं काढा, नाहीतर २८ करा, सात कागद. मी २८च्या बाजूचा आहे, उरलेलं शेवटचं पान ते कामाचं पान. आणि आतली पानं दुमडल्यावर किंचित बाहेर येतात, म्हणून समास बाहेरच्या बाजूला सढळ ठेवलाय, कटिंगमध्ये अक्षर जाणार नाही.

प्रुफं तिघांनी वाचा, तिघांनी वेगवेगळी. एकाच्या डोळ्याला चूक दिसत नाही ती दुसऱ्याच्या दिसते. उलटीकडून वाचा, शेवटच्या ओळीपासून वर, म्हणजे गोष्टीत वाहून जात नाही.

दळण · १९ जुलै, रात्री ९:४८

मी वाचते. २८च करा, काढायचं काहीच नाही. छापायचं म्हणून एक, १८६७चा कायदा आता गेला, १ मार्च २०२४पासून नवा लागू आहे आणि तो बातम्या व बातम्यांवरची मतं छापणाऱ्या नियतकालिकांपुरता आहे. आपण बातम्या छापत नाही, तसंच राहू दे.

माडाखाली · २३ जुलै, रात्री ११:००

प्रूफ वाचलं. पान ९वर आजीचं "खय" कुणीतरी "कोठे" केलंय!!

दळण · २३ जुलै, रात्री ११:२०

माझ्या हातून झालं. मी मनातल्या मनात दुरुस्त करत गेले आणि तिथे हात चालला. नियम मोडला, माफ करा. परत "खय" केलंय, बाकीची पानं पुन्हा मूळ मजकुराशी ताडून बघितली, आणखी कुठे नाही.

माडाखाली · २४ जुलै, सकाळी ६:४०

ताई, असू दे. कबूल केलंत आणि सांगितलंत, एवढंच हवं होतं.

रातकिडा · ८ ऑगस्ट, रात्री १०:३०

आला. पीडीएफ वर पहिल्या पोस्टमध्ये जोडलीय. ६० प्रती झेरॉक्सवाल्याकडे काढल्या, ४२० कागद दोन्ही बाजूंनी. काल रात्री घरी बसून दुमडले आणि पिना मारल्या, लांब हाताचा स्टेपलर भाड्याने मिळाला. तिसरी_पाळीच्या लिखाणानंतर समोरचं पान पिंपळपानने कोरं ठेवलंय, फक्त खाली कोपऱ्यात निळ्याच्या जागी काळ्या शाईची एक पट्टी. आधी मला कळलं नव्हतं का, छापून आल्यावर कळलं.

पुढच्या आठवड्यात ज्याला जितक्या हव्यात तितक्या पोस्टाने पाठवतो, पत्ता मला नको, जवळच्या वाचनालयाचा किंवा पोस्ट ऑफिसचा द्या, तिथून घ्या.

जुनी_वही · ८ ऑगस्ट, रात्री ११:१६

बघितली. माझ्या गोष्टीतली बाई गेली. छापून गेली. तेवीस वर्षांनी.

तिसरी_पाळी · ९ ऑगस्ट, पहाटे ४:२०

पाच प्रती हव्यात. एक त्या पोराला देणार आहे, बोटांचा तोच. त्याच्या वकिलाकडे कागद पोचलाय.

पावशेर_पाऊस · ९ ऑगस्ट, सकाळी ८:०५

शेवटचं पान बघितलं का सगळ्यांनी? मांडणीसमोर "खिळे_जुळारी" नाहीये, दुसरंच नाव आहे, पूर्ण, आडनावासकट. चूक झालीय का? काकांचं नाव चुकून उघड झालं असेल तर पीडीएफ लगेच काढा.

खिळे_जुळारी · ९ ऑगस्ट, सकाळी ८:२०

चूक नाही. मीच जुळवलंय.

पान १७, ओळ ६, "दर्या" पडलंय, "दऱ्या" हवं. पीडीएफमध्ये आज दुरुस्त करतो, छापलेल्या प्रतींत पेनाने करा.